'गोळी' देणारा सिरिंज पंप: एका चिनी मॅन्युअलच्या इंग्रजीचं प्रकरण

पीडीएफच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की नळीतला अडथळा सुटल्यावर पंपातून जास्तीत जास्त ०.२ मिलिलिटर 'पिल' बाहेर पडते. पिल म्हणजे गोळी. पंप सिरिंजचा, सिरिंजमधलं औषध पातळ. त्यातून गोळी कशी पडेल, हा प्रश्न ते इंग्रजी लिहिणाऱ्याला पडला नव्हता. तीन महिने ती फाइल ज्यांच्या ज्यांच्या हातांतून फिरली, त्यांनाही नाही.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर करते. कविता-बिविता नाही, मॅन्युअल, लेबलं, चाचणी अहवाल, प्रमाणपत्रं. हे प्रकरण एका सिरिंज पंपाचं आहे. पंप शेन्झेनच्या एका कारखान्यातला, आयातदार महाप्याच्या एमआयडीसीतले. दोघांचीही नावं घेण्याची गरज नाही.

ज्यांनी आयसीयू फक्त काचेबाहेरून पाहिलंय त्यांच्यासाठी: पेशंटच्या उशाशी खांबाला अडकवलेली, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडी लहान पेटी म्हणजे सिरिंज पंप. ५० मिलिलिटरची सिरिंज त्यात आडवी बसते आणि मोटर तिचा दांडा मुंगीच्या पावलांनी पुढे ढकलते. तासाला पाच मिलिलिटर, कधी दोन, तान्ह्या बाळाला त्याहूनही कमी. नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखं रक्तदाब धरून ठेवणारं औषध असंच दिलं जातं. असं औषध थोडं जरी जास्त गेलं तरी रक्तदाब मिनिटभरात वर उसळतो.

आयातदारांचा फोन शुक्रवारी आला. "मॅडम, इंग्रजी कंपनीनंच करून दिलंय. तुम्ही फक्त एकदा नजर फिरवा. सोमवारी अपलोड करायचंय."

'फक्त नजर फिरवा' हे ऐकलं की भाषांतरकारानं शनिवार-रविवार गेला असं समजावं.

अपलोड कशासाठी, तेही सांगते. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. उपकरण बाहेरून आणायचं तर एमडी-१४ हा अर्ज, आणि मंजूर झाला की एमडी-१५ हा परवाना. १ ऑक्टोबर २०२३ पासून सी आणि डी या जास्त जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांनाही यातून सुटका नाही. अर्जासोबत डिव्हाइस मास्टर फाइल, म्हणजे उपकरणाच्या तांत्रिक माहितीची फाइल, जाते आणि तिच्यात लेबलं आणि वापराच्या सूचनाही असतात. म्हणजे मी जे इंग्रजी तपासत होते ते एकीकडे सरकारदरबारी जाणार होतं आणि दुसरीकडे खोक्यात घालून थेट वॉर्डात.

सोप्या चुका आधी उरकल्या. खोक्यात काय काय येतं त्या यादीचं शीर्षक होतं 'रँडम अ‍ॅक्सेसरीज'. खाली पॉवर कॉर्ड १, खांबाचा क्लॅम्प १. आयातदार फोनवर हसले. "रँडम म्हणजे काय, निघेल ते तुमचं? लकी ड्रॉ आहे का?" चिनीत 'स्वेजी' या शब्दाचा रोजचा अर्थ 'कसाही, यदृच्छेनं' असाच आहे. पण त्याची फोड करा: 'स्वे' म्हणजे सोबत, 'जी' म्हणजे यंत्र. यंत्रासोबत येणारं ते स्वेजी. त्यातही 'स्वेजी वन्ज्येन' म्हणजे विद्युत सुरक्षेच्या मानकातले 'अकम्पनीइंग डॉक्युमेंट्स'. संगणकी भाषांतराला रोजचा अर्थ जवळचा वाटतो, म्हणून ते कागदपत्रांनाही रँडम करून टाकतं.

पंपाचं नाव तर पहिल्या पानापासूनच 'इंजेक्शन पंप' होतं. शब्दशः बरोबर, कारण चिनी नावात इंजेक्शन आहेच. पण वागळे इस्टेटच्या कुठल्याही गॅरेजात 'इंजेक्शन पंप' म्हणा, मेकॅनिक डिझेल इंजिनाकडे बोट दाखवेल. हा नुसता हसण्याचा विषय नाही. न्हावाशेव्याला माल उतरतो तेव्हा इनव्हॉइसवर जे नाव असतं त्यावरून कस्टमच्या दरपत्रकातलं शीर्षक, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक, ठरतं. वैद्यकीय उपकरणं ९०१८ खाली येतात. द्रव पदार्थांचे पंप ८४१३ खाली, आणि इंजिनाचे इंधन पंपही तिथेच. नाव चुकलं की कस्टमचा प्रश्न आलाच, आणि कंटेनर यार्डात जितके दिवस पडून राहील तितकं भाडं चढत जातं. आयातदारांना माझं भाषांतराचं प्रवचन कधीच पटलं नसतं. हे मात्र लगेच पटलं.

उलट उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर शब्दशः भाषांतर म्हणजे पापच असं वाटेल. ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा चिनीत 'वूयिंगदंग'. नाही, सावली, दिवा. अमेरिकेत त्याला सर्जिकल लाइट म्हणतील. आपल्याकडच्या ओटीत मात्र वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे 'शॅडोलेस लॅम्प' म्हणतात. तिथे शब्दशःच बरोबर. वाचणारा कोण आहे यावर सगळं असतं.

आता गोळीकडे.

चिनी मूळ मी कारखान्याकडून मागवून घेतलं. तिथे शब्द होता 'वानजी'. औषधाच्या दुकानात वानजी म्हणजे खरोखरच गोळी. पारंपरिक चिनी औषधांच्या काळ्या वळलेल्या गोळ्या असतात ना, त्या. पण इन्फ्यूजन पंपांच्या (सिरिंज पंप त्यांतलाच) चिनी राष्ट्रीय मानकात हाच शब्द 'बोलस' साठी वापरला जातो. बोलस म्हणजे थेंब थेंब न देता एका दमात दिलेली मात्रा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ढेकूळ, गोळा. चिनी मानककारांनी गोळा या अर्थाचा आपला शब्द निवडला, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पंपांचं ते मानक आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०६०१-२-२४ वरून घेतलेलं आहे. म्हणजे शब्द इंग्रजीतून चिनीत गेला आणि आता इंग्रजीत परत येत होता.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. सासरी ती नव्या नावानं ओळखली जाते. माहेरी आल्यावर दारातूनच कोणी ते नवं नाव पुकारलं तर घरातले म्हणतील, ही कोण? या शब्दांचं तसंच आहे. चिनी वैद्यकीय उपकरणांतले निम्म्याहून अधिक शब्द माझ्या अनुभवात असे माहेरवाशीण असतात. त्यांचं भाषांतर करायचंच नसतं, माहेर शोधायचं असतं. चिनी मानक एका खिडकीत, आयईसीचं दुसऱ्या खिडकीत, कलमाला कलम लावून पाहायचं. 'अ‍ॅप्लिकेशन पार्ट' असं दिसलं की ओळखायचं, हे मुळात 'अप्लाइड पार्ट', पेशंटला प्रत्यक्ष जोडला जाणारा भाग. 'ब्लॉकिंग अलार्म' म्हणजे 'ऑक्लूजन अलार्म', नळीत अडथळा आल्याचा. 'व्हेन ओपनिंग स्पीड' वाचून तर शीर उघडतोय की काय असं वाटतं. तो केव्हीओ (कीप व्हेन ओपन), म्हणजे औषध संपत आलं तरी शीर बंद पडू नये म्हणून चालू ठेवलेला किमान वेग.

तिथेच आणखी एक काम झालं. चिनी मानकांत 'यिंग' म्हणजे करायलाच हवं, 'यी' म्हणजे केलेलं बरं, 'ख' म्हणजे करता येईल. इंग्रजी मानकांत याच तीन पायऱ्यांना शॅल, शुड आणि मे. कारखान्याच्या इंग्रजीत सगळीकडे सरसकट 'शुड' होतं. पंप अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावा, हेसुद्धा 'शुड'. जणू लावला तर बरं. मराठीत 'लावावा' म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, इंग्रजीत ती सोय नाही. एकूण ६४ ठिकाणी तपासून बदललं. फार कंटाळवाणं काम, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

साफसफाईचं प्रकरण मात्र कंटाळवाणं नव्हतं. पंपाचं बाहेरचं आवरण ७५ टक्के अल्कोहोलनं पुसून 'स्टरिलाइज' करा, असं लिहिलं होतं. मुळात शब्द होता 'श्याओदू', म्हणजे डिसइन्फेक्ट. स्टरिलाइजसाठी, म्हणजे एकही जंतू न उरू देण्यासाठी, चिनीत वेगळाच शब्द आहे, 'म्येजुन'. पुसून काही निर्जंतुक होत नाही, आणि तसं छापलं तर उद्या कोणीतरी हा पंप ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, दारापर्यंत नेईल. ७५ टक्क्यांचं मी काही केलं नाही. आपल्याकडे ७० टक्क्यांचं चालतं, चीनमध्ये ७५ चं. पण प्लास्टिकवर काय चालतं याची चाचणी कारखान्याची, आकडाही त्यांचाच.

आता जो शब्द खरोखर अडला तो.

पंपाच्या पुढच्या बाजूला एक बटण आहे, दोन बाणांचं. त्यावर चिनीत 'क्वाइजिन'. क्वाइ म्हणजे वेगानं, जिन म्हणजे पुढे. कॅसेट प्लेयरवर फास्ट फॉरवर्डच्या बटणाला चिनीत हेच म्हणत. कारखान्यानं इंग्रजीत 'फास्ट फॉरवर्ड' छापलं होतं. या शब्दाला माहेर नाही. आयईसीच्या मानकात तो सापडणार नाही, कारण तो कारखान्यातच जन्मला, कुणा इंजिनिअरच्या तोंडून. मग न्यायचं कुठे?

मॅन्युअलमध्ये तो अकरा वेळा होता. सलग वाचत गेल्यावर लक्षात आलं की अकरा ठिकाणी त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत. पंप थांबलेला असताना बटण दाबलं तर नळीतली हवा बाहेर निघते, दांडा आणि मोटरच्या ढकलणीमधली ढिलाईही निघते. इंग्रजीत हे 'पर्ज'. पंप चालू असताना तेच बटण दाबलं तर पेशंटला जास्तीची मात्रा जाते. इंग्रजीत हे 'बोलस'. चिनीत दोन्ही क्वाइजिन. चिनी नर्सची यात गफलत होत नसेल, कारण तिला संदर्भ माहीत असतो. इंग्रजीत एकच शब्द ठेवला तर मात्र गफलतीला आमंत्रण.

किती मोठी गफलत, याचं गणित मी बाजूच्या कोऱ्या जागेत केलं. ५० मिलिलिटरच्या सिरिंजला या बटणाचा वेग मॅन्युअलप्रमाणे तासाला १५०० मिलिलिटर. औषध चाललंय तासाला पाचने. म्हणजे तीनशेपट. बटणावर बोट एक सेकंद राहिलं, तर पाच मिनिटांचं औषध गेलं. नळी पेशंटला जोडलेली असताना कोणी 'हवा काढतो' म्हणून चार सेकंद दाबलं, तर वीस मिनिटांचं.

मी कारखान्याला लिहिलं. जून २०२० मध्ये वुईचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर आपल्याकडे बंदी आली तेव्हापासून शेन्झेनशी बोलणं म्हणजे ई-मेल. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले की तिथे सहा, पुढे उत्तराची आशा उद्यावर. पहिल्या मेलमध्ये मी चूक केली. विचारलं, 'क्वाइजिन हे बोलस आहे की पर्ज?' उत्तर आलं, 'हो.' अगदी एका शब्दाचं.

दुसऱ्यांदा शब्द विचारलेच नाहीत. तक्ता केला. पंप थांबलेला आहे, बटण तीन सेकंद दाबलं: स्क्रीनवर काय दिसतं? दिलेल्या औषधाच्या एकूण आकड्यात भर पडते का? अडथळ्याचा अलार्म चालू राहतो की बंद होतो? पंप चालू आहे, हेच सगळं पुन्हा. यावर मात्र तिथल्या इंजिनिअरनं रकाना रकाना भरून पाठवला. थांबलेल्या अवस्थेत एकूण आकड्यात भर पडत नाही, चालू अवस्थेत पडते. मला हवं होतं ते मिळालं, असं वाटलं.

सोमवार अर्थातच टळला. मंगळवारी मी ठाणे-वाशी लोकलनं घणसोलीला उतरून रिक्षानं महाप्याला गेले. आयातदारांच्या गोडाउनमध्ये दोन डेमो पंप होते. त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर, बायोमेडिकल केलेला तरुण मुलगा, मला बघून जरा गोंधळला. "ताई, तुम्ही भाषांतराच्या ना? मशीन कशाला हवंय?"

सिरिंजमध्ये पाणी भरलं, नळीचं टोक चहाच्या ग्लासात सोडलं. पंप थांबलेला. एकूण आकडा शून्य. बटण दाबून धरलं, नळीतून थेंब पडेपर्यंत. आकडा झाला १.४. भर पडली होती. तक्त्याच्या बरोबर उलट.

मुलानं दुसऱ्या पंपावर करून पाहिलं, तेच. मग त्यानंच सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरची आवृत्ती वाचली, आणि आम्ही फोटो काढून शेन्झेनला पाठवला. दोन दिवसांनी खुलासा आला: डेमो पंप जुन्या आवृत्तीचे, विक्रीचा माल नव्या आवृत्तीवर येणार, मॅन्युअल नव्या आवृत्तीचं. म्हणजे कोणीच खोटं बोललं नव्हतं. पण आयसीयूत सिस्टर तासातासाला इनटेक-आउटपुटच्या, म्हणजे पेशंटच्या अंगात किती द्रव गेलं-आलं याच्या, चार्टमध्ये पंपावरचा हाच आकडा उतरवते. नवजात बाळाच्या चार्टमध्ये दीड मिलिलिटर म्हणजे चिल्लर नाही. आवृत्तीचा क्रमांक मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापायचा, हे त्यातून ठरलं.

गोडाउनमधून निघताना मी एक डेमो पंप दाखवायला मागून घेतला. माझी एक जुनी ओळखीची सिस्टर नेरूळच्या एका रुग्णालयात आयसीयू इनचार्ज आहे. तिच्यासमोर फक्त बटणाकडे बोट दाखवून विचारलं, "सिस्टर, याला काय म्हणता?"

"फास्ट," ती म्हणाली. "नव्या मुलींना सांगतो, लाइन भर, फास्ट दाब, मग पेशंटला लाव."

"आणि पेशंटला लावल्यावर?"

"लावल्यावर कशाला दाबायचं?" मग थांबून म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं तर बोलस दे म्हणतात. तेव्हा हेच दाबतो. पण तेव्हा त्याला बोलस म्हणतो, फास्ट नाही."

जे मानकात सापडलं नव्हतं ते वॉर्डात वापरात होतं: बटण एक, नावं दोन, आणि नाव ठरतं ते नळी कुठे जोडली आहे त्यावरून. अंतिम मजकुरात मी दोन वेगळी कलमं केली. थांबलेल्या पंपासाठी 'पर्ज', चालू पंपासाठी 'बोलस', आणि बटणाचा उल्लेख नावानं न करता दोन बाणांच्या चिन्हानं. 'फास्ट फॉरवर्ड' पूर्ण काढलं. अडथळ्याचा दाब किलोपास्कलमध्ये होता, त्याच्याशेजारी मिलिमीटर मर्क्युरी घातला, कारण वॉर्डात तोच आकडा डोळ्यांना सवयीचा. ६० किलोपास्कल म्हणजे ४५०.

एका ठिकाणी मात्र माझे हात बांधलेले होते. हवा काढताना नळी पेशंटला जोडलेली नसावी, हे वाक्य चिनी मुळात होतं, पण परिच्छेदाच्या शेवटी, 'जूयी' या सौम्य शीर्षकाखाली. जूयी म्हणजे लक्ष द्या. त्याच्या वरची पायरी 'जिंगगाव', म्हणजे वॉर्निंग. माझ्या मते हे वाक्य वॉर्निंगच असायला हवं, पण भाषांतरकारानं इशाऱ्याला बढती द्यायची नसते. धोका किती मोठा हे ठरवणं उत्पादकाचं काम. मी वरचं गणित लिहून पाठवलं, एक सेकंद म्हणजे पाच मिनिटं, आणि विचारलं. चार दिवस काही नाही. मग सुधारित चिनी मॅन्युअल आलं. वाक्य वर सरकलं होतं, चौकटीत, जिंगगाव खाली. ते पाहून मला किती आनंद झाला हे घरात कोणाला समजावता आलं नाही.

आयातदार या सगळ्या काळात वैतागलेले होते आणि मी त्यांना दोष देत नाही. दहा दिवस गेले. "मॅडम, परवाना एकदा येऊ द्या, शब्द नंतर बदलू." त्यावर मी त्यांना नियमांची सहावी अनुसूची दाखवली. परवान्यानंतर लेबलच्या मजकुरात केलेला बदल तिथे मोठ्या बदलांत मोडतो. अक्षरांचा आकार, रंग, मांडणी यांचा तेवढा मोडत नाही. म्हणजे आज बटणाच्या स्टिकरवर 'फास्ट फॉरवर्ड' मंजूर करून घेतलं, तर उद्या ते पुसायला पुन्हा परवानगीच्या रांगेत. ते गप्प झाले. मग म्हणाले, "मग हे आधी नाही का सांगायचं?"

बिलाचाही एक तिढा झाला. चिनी भाषांतराचा दर आमच्याकडे चिन्हावर, म्हणजे चिनी लिपीतल्या एकेका अक्षरावर, असतो. क्वाइजिन म्हणजे दोन चिन्हं. दोन चिन्हांसाठी दहा दिवस, तीन वेळा लोकलप्रवास आणि ई-मेलची साखळी, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? शेवटी 'तांत्रिक पडताळणी' म्हणून वेगळी ओळ टाकली. त्यांनी ती थोडी घासाघीस करून मान्य केली.

अर्ज गेला. विक्रीचा माल अजून यायचाय. डेमो पंप नेरूळहून परत आणायला मी गेले तेव्हा सिस्टर म्हणाली, "राहू दे ना ताई दोन दिवस, मुलींना शिकवायला बरा आहे. पेशंटला लावत नाही." पंपावर दोन बाणांच्या बटणाखाली मायक्रोपोरची पट्टी चिकटवली होती. त्यावर बॉलपेननं, जरा तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'आधी पेशंटपासून सोडव, मग दाब.'